कायदा सांगणारे वकील

कायद्याच्या शास्त्राचें एक मोठें गृहीत असें आहे कीं, राज्यांतील प्रत्येक मनुष्यास कायदा ठाऊक असतो. ‘हें मला माहीत नव्हतें’ ही सबब कोणत्याहि न्यायासनापुढें चालत नाहीं. हें गृहीत धरल्यावांचून न्यायाचा गाडा चालणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण तें वस्तुस्थितीस धरून नाहीं, हेंहि तितकेंच उघड आहे. ज्या देशांत कायदे दीर्घकाळ परक्या भाषेंत लिहिले गेले आणि ज्या देशांतील बहुसंख्य लोकांस स्वतःच्या भाषेंतील अक्षरहि वाचतां येत नव्हतें, तेथें असें मानणें म्हणजे अंधानें रस्त्यावरील पाटी वाचलीच असली पाहिजे असा आग्रह धरण्यासारखें होतें. मग प्रश्न असा उरतो कीं, कायदा पाळण्याची जबाबदारी जर लोकांची, तर तो त्यांस सांगण्याची जबाबदारी कोणाची?

सरकार कायदा छापतें. तो घरोघर सांगत नाहीं. वकील कायदा सांगतो; पण तो फी देणारास, आणि तोहि बहुधा तंटा कोर्टाच्या पायरीपर्यंत पोंचल्यानंतर. ह्या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेंत, फी न घेतां व तंटा उभा राहण्यापूर्वीं लोकांस त्यांचा कायदा सांगण्याचा उद्योग महाराष्ट्रांत गेल्या दीडशें वर्षांत कांहीं वकिलांनीं व कायद्याच्या जाणत्यांनीं केला. त्याची हकीकत निरनिराळ्या चरित्रांत विखुरलेली आहे. ती एकत्र मांडली असतां तींतून एक धडा निघतो, आणि तोच येथें वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा हेतु आहे. तो धडा असा कीं, कायदा सांगणें सोपें आहे. सांगितल्यानंतर ऐकणाराच्या शेजारीं उभें राहणें कठीण आहे. आणि ह्या दुसऱ्या गोष्टीवांचून पहिलीस फारशी किंमत नाहीं.

कायद्याच्या अज्ञानाची किंमत किती पडते हें प्रथम पाहूं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांवर उठले आणि तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांस पोंचलें. ह्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः सावकाराच्या कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखतें व हुकूमनामे हिसकावून घ्यावयाचे आणि चव्हाट्यावर जाळावयाचे, असा सर्वत्र क्रम होता. अडाणी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्यानें आपल्या दुःखाचें मूळ नेमकें ओळखलें होतें. कोर्टांत माणूस बोलत नसे, कागद बोलत असे. आणि तो कागद काय बोलणार हें अंगठा उठवतांना त्याला ठाऊक नसे.

ह्यांतहि एक विलक्षण गोष्ट अशी कीं, शेतकऱ्याचा गळा आवळण्यास कारण झालेला एक कायदा मुळांत ऋणकोच्या संरक्षणासाठीं होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. जुनें देणें अनंतकाळ मानेवर राहूं नये हा तिचा हेतु. परंतु मुदत भरत आली कीं सावकार व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेई, आणि ज्याच्या हिताची ती मुदत होती तो ऋणको, मुदत म्हणजे काय हेंच न कळल्यामुळें, त्यावर निमूटपणें निशाणी करी. दावा लागला तरी समन्साचा अर्थ न कळल्यानें तो हजर होत नसे व एकतर्फी हुकूमनामा होई. हितकारक कायदाहि तो न जाणणाराच्या हातून निसटून जाणणाराचें शस्त्र बनतो, ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

ह्या दंग्यांची चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला व तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस प्रथम लागू झाला. त्यांतील दोन कलमें आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचीं आहेत. एकानें शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलांस मज्जाव केला. दुसऱ्यानें असें ठरविलें कीं, शेतकऱ्याच्या प्रतिपक्षानें वकील दिला असेल आणि शेतकरी गरिबीमुळें तो देऊं शकत नसेल, तर न्यायाधीशानें सरकारी वकिलास किंवा दुसऱ्या लायक गृहस्थास त्याच्या वतीनें उभें राहण्यास सांगावें. गरिबास फुकट वकील ही कल्पना आपल्या कायद्यांत इतकी जुनी आहे, हें आज पुष्कळांस ठाऊक नसेल. ह्याच कायद्याच्या अंमलबजावणीवर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं विशेष न्यायाधीश म्हणून कित्येक वर्षें देखरेख केली. परंतु हा उपाय तंटा कोर्टांत आल्यानंतरचा होता. शेतकऱ्याच्या हातून निशाणी होण्यापूर्वीं त्याच्या कानांत कायद्याचे चार शब्द सांगणारा कोणी नव्हता, ही उणीव तशीच राहिली.

ती अंशतः भरून काढण्याचा प्रयत्न पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याच सुमारास चालविला होता. २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झालेल्या ह्या सभेचा प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी. ते धंद्यानें वकील. पण लोकांनीं त्यांस ‘सार्वजनिक काका’ हें नांव दिलें, आणि आज त्यांचें मूळ नांव सांगितल्यावर पुष्कळांस ओळख पटत नाहीं, ह्यांतच त्यांच्या वकिलीची जात दिसते. निदान पन्नास लोकांचें मुखत्यारपत्र आणील त्यासच सभासद करावें, असा ह्या सभेचा नियम होता. वकीलपत्र ही जी कोर्टांतील वस्तु, ती जोश्यांच्या सभेनें चावडीवर आणली. सामान्य जनांनीं कोर्टाच्या खर्चांत बुडूं नये म्हणून त्यांनीं लवाद कोर्टांचा उपक्रम केला, आणि १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला उभा राहिला तेव्हां, फडक्यांचें नांव घेणेंहि धोक्याचें असतां, त्यांच्या बचावास ते गेले. पुढील वर्षीं, १८८० सालीं, ते निवर्तले.

मात्र ह्या उद्योगाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं. जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत, कुळकर्ण्यापासून कोर्टाच्या कारकुनापर्यंत शिकलेल्या वर्गाकडून शेतकरी कसा नागवला जातो, ह्याचें चित्र काढलें आहे. पुण्याची सभा आपल्या वतीनें बोलते असें शेतकऱ्यास वाटतें काय, हा त्यांचा प्रश्न बोचरा होता व रास्तहि होता. जो वर्ग कायदा सांगावयास निघाला, त्याच वर्गांतील दुसरे लोक त्या कायद्यावर पोट भरीत होते. ऐकणारानें सांगणारावर विश्वास कां ठेवावा? ह्या प्रश्नाचें उत्तर व्याख्यानानें देतां येण्यासारखें नव्हतें. तें आचरणानेंच द्यावयास पाहिजे होतें. तशी वेळ तेरा वर्षांनीं आली.

१८९६ सालीं पावसानें दगा दिला व मुंबई इलाख्याच्या मोठ्या भागांत दुष्काळ पडला. दुष्काळांत सरकारानें काय करावें ह्याचे नियम आधींच ठरलेले होते. १८८० सालीं दुष्काळ कमिशनाचा अहवाल झाल्यानंतर प्रत्येक प्रांतांत दुष्काळनिवारणाचा कोड तयार झाला होता: कामें केव्हां काढावींत, मजुरी कशी द्यावी, काम करण्यास असमर्थ असलेल्यांस अन्न कसें पोंचवावें, इत्यादि. पीक बुडालें असतां शेतसाऱ्याची तहकुबी किंवा सूट देण्याचेहि नियम होते. नियम होते, पण ते कचेरीच्या कपाटांत होते. ज्यांच्यासाठीं ते केले त्यांस त्यांचा पत्ता नव्हता.

ह्या वेळीं सार्वजनिक सभा बाळ गंगाधर टिळकांच्या पक्षाच्या हातीं होती. टिळक एल्एल्. बी. झालेले होते, वकिली त्यांनीं केली नाहीं, पण वकिलीच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं पुण्यांत कायद्याचा वर्ग चालविला होता. कायदा शिकविण्याची ती हातोटी त्यांनीं आतां खेड्यापाड्यांकडे वळविली. दुष्काळी कोडाचें मराठी भाषांतर करून त्याच्या प्रती वांटण्यांत आल्या; ‘केसरी’ंत त्याचा अर्थ सोप्या शब्दांत उलगडण्यांत आला; आणि सभेचे प्रचारक गांवोगांव जाऊन सभा भरवूं लागले. सांगणें इतकेंच होतें: पीक बुडालें असेल तर साऱ्याची तहकुबी मिळावी असा सरकारचाच नियम आहे, तो मागा, सारा भरण्यासाठीं बैल आणि भांडीं विकूं नका, भीतीनें गप्प बसूं नका. सोलापूरच्या विणकरांस मागावरच काम मिळावें म्हणूनहि टिळकांनीं योजना पुढें केली होती.

ह्यांत राजद्रोह तो कोणता? सरकारचाच कायदा सरकारच्याच प्रजेस वाचून दाखविणें हा गुन्हा कसा होईल? परंतु अंमलदारांच्या नजरेस ही चळवळ निराळीच दिसली. त्यांच्या लेखीं हें साराबंदीचें शिक्षण होतें. ‘सारा देऊं नका’ आणि ‘सारा तहकूब होण्याचा तुमचा हक्क आहे, तो मागा’ ह्या दोन वाक्यांतील अंतर जमीनअस्मानाचें आहे. तरी ज्या मामलेदारासमोर आजवर कोणी मान वर केली नव्हती, त्याला दोन्हीं वाक्यें सारखींच ऐकूं येतात. अज्ञ प्रजेवर राज्य करण्याची संवय झालेल्यास जाणती प्रजा हीच बंडखोर वाटूं लागते. सभेच्या प्रचारकांवर खटले झाले. कुलाबा जिल्ह्यांत पेण येथें अच्युत सीताराम साठे ह्यांच्यावर खटला उभा राहिला, तेव्हां टिळक स्वतः पेणला गेले. मार्च १८९७ मध्यें सरकारनें ठराव करून सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सार्वजनिक प्रश्नांवर सरकारास लिहिण्याचा तिचा अधिकार संपला.

आमच्या मतें ह्या प्रकरणांतील महत्त्वाची गोष्ट कोडाचें भाषांतर ही नव्हे. भाषांतर कोणीहि विद्वान करूं शकला असता. महत्त्व आहे तें पेणच्या प्रवासास. कायदा सांगितल्याबद्दल आपला मनुष्य पकडला जातांच सांगणारा पुण्यांतील आपल्या खोलींत बसून राहिला नाहीं. फुल्यांच्या प्रश्नास जर कांहीं उत्तर असेल, तर तें ह्याच वाटेवर होतें. तथापि तें उत्तर अपुरें होतें, हेंहि कबूल केलें पाहिजे. साऱ्याच्या तहकुबीचा लाभ ज्याच्या नांवावर जमीन त्याला. भूमिहीन मजुराच्या पदरांत तिच्यांतून थोडेंच पडावयाचें. शिवाय ही सारी चळवळ थोड्या माणसांवर उभी होती. पुण्यांत प्लेग आला, २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली, जुलैंत टिळकांस अटक झाली व सप्टेंबरांत दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सांगणारा तुरुंगांत गेल्यावर सांगणेंहि थांबलें. गांवांत कायदा जाणणारा एकहि मनुष्य मागें उरेल, अशी व्यवस्था झालेली नव्हती.

पण बीं वांया गेलें नाहीं. वीस वर्षांनीं, १९१८ सालीं, ह्याच मुंबई इलाख्यांतील खेडा जिल्ह्यांत तोच प्रश्न पुनः उभा राहिला. पीक चार आण्यांहून कमी आलें तर त्या वर्षाचा सारा तहकूब करावा, हा नियम होता; आणेवारी चार आण्यांच्या खालीं कीं वर, एवढाच वाद होता. गांधीजी, वल्लभभाई पटेल इत्यादि कायदेपंडित गांवोगांव हिंडून पिकाची चौकशी करूं लागले व शेतकऱ्यांस त्यांचा नियम समजावूं लागले. येथें मात्र एक पाऊल पुढें पडलें होतें: नियम सांगून तो न मिळाल्यास होणारी जप्ती सोसण्याची प्रतिज्ञा शेतकऱ्यांनीं स्वतः केली, आणि बॅरिस्टर वल्लभभाई चालती वकिली बाजूस ठेवून त्यांच्याबरोबर राहिले.

ह्याहून खोल उदाहरण महाडचें आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले ह्यांनीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत मंजूर करून घेतला होता. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचें जाहीरहि केलें होतें. हक्क कागदावर आला, पण तीन वर्षें कोणी ओंजळ भरली नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले व तें पाणी स्वतः प्याले. लोकांवर मारहाण झाली. पुढें तळें खासगी आहे असा दावा स्पृश्यांनीं लावला, आणि त्यांत आंबेडकर स्वतः प्रतिवादी झाले. वकील अशिलाच्या बाजूनें बोलतो. येथें वकील अशिलाच्याच रांगेंत उभा राहिला. १९३७ सालीं मुंबई हायकोर्टानें, अस्पृश्यांस वगळण्याची पुरातन रूढि सिद्ध झालेली नाहीं असें ठरवून निकाल त्यांच्या बाजूनें दिला. ठराव वाचून दाखविणारे पुष्कळ मिळाले असते. तो ठराव खरा करण्यास दहा वर्षें कोर्टांत टिकून राहणारा मनुष्य लागला. टिळकांच्या चळवळींत जो भूमिहीन मजूर वगळला गेला होता, त्याच्यापर्यंत कायद्याचें शिक्षण पोंचलें तें ह्या वाटेनें.

आतां आमच्या विदर्भाकडे, विशेषतः वर्ध्याकडे वळूं. १८९६ च्या सुमारास वर्धा मध्यप्रांतांत होता. मुंबई इलाख्याचा कोड येथें लागू नव्हता, आणि शेतकऱ्याचा संबंध रयतवारी सरकाराशीं नसून मालगुजाराशीं असे. त्यामुळें सार्वजनिक सभेच्या प्रचारकांची पावलें इकडे उमटलीं नाहींत. वर्ध्याच्या वकिलांचा त्याग निराळ्या रीतीनें प्रकट झाला. १९२० च्या डिसेंबरांत नागपूरच्या काँग्रेसनें असहकाराचा ठराव कायम केला. वकिली सोडणाऱ्यांच्या उदरनिर्वाहासाठीं जमनालाल बजाज ह्यांनीं एक लाख रुपये दिले, आणि वर्ध्याचे वकील श्रीकृष्णदास जाजू ह्यांनीं वकिली सोडून पुढील आयुष्य खादीच्या व ग्रामोद्योगाच्या कार्यास वाहिलें.

ह्या त्यागाविषयीं आमच्या मनांत पूज्यबुद्धीच आहे. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्यानें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. कोर्ट सोडणें निराळें आणि कोर्टाची भाषा गरिबास शिकविणें निराळें. गांधीजींनीं १९०९ च्या ‘हिंद स्वराज्यां’त वकिलीच्या धंद्यावर कडक टीका केली होती, तिचा परिणाम म्हणून उत्तम वकील कोर्टांतून बाहेर आले, पण ज्यांस कोर्टांत ओढून नेलें जात होतें ते आंतच राहिले. ऋणकोनें असहकार केला म्हणून सावकाराचा दावा थांबत नाहीं. मुंबईंत १९२४-२५ च्या सुमारास निघालेली लीगल एड सोसायटी, आणि १९४९ सालीं न्यायमूर्ति न. ह. भगवती ह्यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबई सरकारनें नेमलेली कायदेविषयक साहाय्याची समिति, हे त्या आंत राहिलेल्यांकडे पाहण्याचे प्रयत्न होते.

स्वातंत्र्यानंतर जें एके काळीं गुन्हा ठरत होतें तें सरकारचें कर्तव्य बनलें. १९७६ सालीं घटनेंत ३९-अ हें कलम घालून विनामूल्य कायदेविषयक साहाय्य राज्याच्या धोरणाचें तत्त्व करण्यांत आलें. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. त्याअन्वयें स्त्रिया, बालकें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, कामगार व कोठडींत असलेले, ह्यांस उत्पन्नाची अट न घालतां वकील मिळण्याचा हक्क आहे. आणि लोकांत कायद्याचें ज्ञान पसरविणें हेंहि ह्या प्राधिकरणांचें काम ठरविलेलें आहे. २००९ पासून त्यांच्या मदतीस विधि स्वयंसेवकांची योजना आहे, आणि हे स्वयंसेवक गांवांतलेच असूं शकतात. १८९७ सालीं जी उणीव भासली, ती भरून काढण्याचें साधन कागदावर तरी तयार आहे.

हें साधन कसोटीस लागावयाचें तें बोरगाव मेघेसारख्या ठिकाणीं. वर्धा शहरास खेटून वाढलेलें हें गांव जनगणनेंत शहर म्हणून गणलें गेलें आहे. अशा वस्तींत कालचें शेत आज प्लॉट होतें. सातबाऱ्यावरील नांव आणि विक्रीखतावरील नांव ह्यांचा मेळ बसेनासा होतो. कारखान्यांतला व बांधकामावरचा मजूर, घरकाम करणारी स्त्री, आणि जमीन विकून बसलेला शेतकरी एकाच गल्लींत राहतात. प्रत्येकास लागू पडणारें एक तरी कलम आहे. नुसतें सावकारीचेंच उदाहरण घ्या. वर्धा हा २००६ सालच्या पंतप्रधानांच्या मदतयोजनेंतील, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं ग्रासलेल्या, विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकीं एक. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानें अशी तरतूद केली आहे कीं, कर्जाचें तारण म्हणून सावकारानें विक्रीखताच्या रूपानें लिहून घेतलेली जमीन, चौकशीअंतीं तसें सिद्ध झाल्यास, मूळ मालकास परत देण्याचा हुकूम जिल्हा निबंधक करूं शकतो. सुप्याच्या शेतकऱ्यास जें खत जाळावें लागलें, तें आज अर्जानें रद्द होऊं शकतें. पण अर्ज करतां येतो हें ठाऊक असेल तर! तें ठाऊक नसेल, तर १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें हाहि कायदा जाणणाराच्याच उपयोगी पडेल.

कायदेविषयक शिबिरें होतात, होत राहतील, आणि तीं व्हावींत. परंतु मांडव घालून, हार घालून, तासभर कलमें वाचून वक्ते निघून गेले, म्हणजे कायद्याचें शिक्षण झालें असें जर कोणी समजेल, तर त्यानें हा इतिहास वाचावा. दुसऱ्या दिवशीं ती स्त्री पोलीसठाण्यांत जाईल, तो शेतकरी निबंधकाच्या कचेरींत जाईल, आणि समोरचा कारकून त्याला सांगेल कीं असा कांहीं नियम नाहीं. त्या क्षणीं त्याच्या शेजारीं कोण आहे, ह्यावर सारें अवलंबून आहे. सार्वजनिक काकांनीं, टिळकांनीं व आंबेडकरांनीं आपापल्या काळीं ह्या प्रश्नास स्वतःच्या पायांनीं उत्तर दिलें. त्यांच्यापुढें सरकार विरोधांत होतें. आजच्या तरुण वकिलापुढें तें नाहीं. कायदा त्याच्या बाजूचा आहे, योजना आहे, मानधनहि आहे. त्याच्याकडून मागणें एवढेंच कीं, शिबिराचा मांडव उतरल्यावर त्यानें आपला पत्ता त्या गांवांत ठेवून यावा, आणि बोलावणें आलें म्हणजे जावें.